सीट हलते, पण जागा विसरते: गॅरेजच्या वहीतल्या प्रकल्प नोंदी

शनिवार, १२ जुलै २०२५

गाडी: परदेशी बनावटीची ऑटोमॅटिक सेडान, २०१३ चं मॉडेल, केए-२२ पासिंग. मालकीण आमच्या बेळगावातल्या, टिळकवाडीच्या डॉक्टर मॅडम. दवाखाना खानापूरला, त्यामुळं गाडी रोज आमच्या तिसऱ्या रेल्वे गेटवरूनच जाते. संध्याकाळी आणि सुट्टीला डॉक्टर साहेब चालवतात. मॅडम पाच फुटांच्या, साहेब सहा फुटांना टेकलेले. या घरात सीटची मेमरी ही हौस नव्हे, रोजची गरज आहे.

तक्रारी मॅडमच्या तोंडून ऐकल्या तशाच लिहून घेतल्या. "एक नंबर दाबलं की सीट माझ्या जागेवर यायला पाहिजे, पण रोज थोडी थोडी मागंच राहते. सोमवारी सेट केली तर शुक्रवारी ब्रेकसाठी पाय ताणावा लागतो." "कधी कधी सेकंदभर सरकते आणि थांबते. परत दाबलं की परत सेकंदभर." "गाडी बंद केली की सीट आपोआप मागं जाते." आणि निघताना, दारात उभं राहून: "खानापूरहून आले की कंबर एकाच बाजूला दुखते. मी डॉक्टर, पण मलाच कारण सापडेना."

शेवटचं वाक्य सीटच्या तक्रारीत मोडत नाही असं त्यांना वाटत होतं. मी मात्र ते अधोरेखित करून ठेवलं.

तिसऱ्या तक्रारीचा निकाल तिथंच लागला. किल्ली काढली की उतरायला सोपं जावं म्हणून सीट मागं सरकणं ही सोय आहे, बिघाड नव्हे. डिस्प्लेच्या मेनूत जाऊन कुठं चालू-बंद करायची ते दाखवलं. तूर्त चालूच ठेवायला सांगितली. तपासणीच्या वेळी तिचा उपयोग होईल.

याआधी दुसऱ्या एका वर्कशॉपने "सीटचं मॉड्यूल गेलंय" म्हणून एस्टिमेट दिलेलं आहे. कोटेशन बघितलं. त्या पैशात माझ्या हाताखालच्या पोरग्याची सेकंडहँड बाईक येईल.

मॉड्यूल, म्हणजे सीट चालवणारा इलेक्ट्रॉनिक डबा. ते जातं, नाही असं नाही. पण या गाडीत सीट हलते, चारी बाजूंना हलते, बटणांना दाद देते. बिघडलंय ते तिचं जागा लक्षात ठेवणं. सीट न हलणं आणि सीटने जागा विसरणं हे दोन वेगळे आजार आहेत, औषध एकच द्यायचं नसतं.

सोमवार, १४ जुलै

आधी बॅटरी. रात्रभर उभ्या गाडीवर १२.१ व्होल्ट, म्हणजे निम्म्याच्या आसपासच चार्ज. व्होल्टेज कमी असलं की या गाड्या आधी चैनीच्या वस्तूंचा पुरवठा तोडतात, त्यामुळं अशा बॅटरीवर केलेल्या निदानाला अर्थ नाही. चार्जरला लावून १२.६ पर्यंत आणली, लोड टेस्ट केली. बॅटरी तशी चांगली आहे. गावातल्या फेऱ्या छोट्या छोट्या आणि पावसाळ्यात वायपर, दिवे, ब्लोअर सगळं एकदम चालू, म्हणून पोटभर चार्ज होत नसावी.

स्कॅनर लावला. सीटच्या मॉड्यूलमध्ये दोन नोंदी. एक, पुरवठ्याचं व्होल्टेज कमी. दुसरी, पुढं-मागं सरकवणाऱ्या मोटरच्या पोझिशन सेन्सरचा सिग्नल पटण्याजोगा नाही. कोड पुसण्याआधी फोटो काढून ठेवले. ही सवय लावून घेण्यासारखी आहे, पुसलेला कोड परत विचारता येत नाही.

पोरग्याला समजावं म्हणून फळ्यावर काढून दाखवलं ते इथंही लिहितो. सीटच्या मोटरच्या आसावर एक छोटं चुंबक असतं, त्याच्या समोर हॉल सेन्सर, म्हणजे चुंबक ओळखणारा सेन्सर. मोटर फिरली की सेन्सर ठोके पाठवतो आणि मॉड्यूल ते मोजतं. पुढं जाताना बेरीज, मागं जाताना वजाबाकी. दिशा त्याला माहीत असते, कारण मोटरचे प्लस-मायनस उलटे करणारं तेच. मेमरी एक म्हणजे "शेवटच्या टोकापासून अमुक इतके ठोके", यापलीकडं काही नाही. मॉड्यूलला सीट दिसत नसते. डोळे बांधून पावलं मोजत घरी जाणाऱ्या माणसासारखं त्याचं आहे: मोजणी चुकली तरी घर चुकतं, आणि मोजणी बरोबर असून पाय जागच्या जागी घसरला तरीही घर चुकतं.

म्हणजे शोधायच्या जागा दोनच. ठोका हरवतोय, किंवा ठोका मोजला जातोय पण सीट तेवढी सरकत नाही. मेमरीची बटणं, किल्ल्या, मॉड्यूल, सगळं त्यानंतर.

दुपारनंतर व्होल्टेज ड्रॉप, म्हणजे वाटेत किती व्होल्ट खपतात ते, बघितला. मॅडमच्या वजनाचं कोणी नव्हतं म्हणून पोरग्यालाच सीटवर बसवलं. मोटर चालू असताना बॅटरीवर १२.३, मॉड्यूलच्या प्लसवर १२.१. इथपर्यंत ठीक. पण मॉड्यूलची अर्थ पिन (अर्थिंगची, मायनसची) आणि बॅटरीचा मायनस यांच्यामध्ये १.७ व्होल्ट. तिथं ०.१, फार तर ०.२ असायला हवेत. म्हणजे मॉड्यूलच्या वाट्याला जेमतेम १०.४.

पोरग्याने आधी मीटर ओहमवर लावून तीच अर्थ तपासली होती आणि मला सांगितलं होतं, "अण्णा, अर्थ सरी ऐतिरी," म्हणजे अर्थ ठीक आहे. त्याचं चूक नाही, मीटरवर ०.३ ओहमच दाखवत होतं आणि त्यातला बराचसा मीटरच्या वायरींचाच. पण क्लॅम्प मीटरवर मोटर १० अँपियर घेत होती. ०.१७ ओहमातून १० अँपियर गेले की १.७ व्होल्ट तिथंच खपतात. अर्थ तपासायची तर लोड देऊनच तपासायची, गार वायरीवर ओहम बघून नव्हे.

१० अँपियर हा आकडाही वहीत गोल करून ठेवला. अशी मोटर पाच-सहाच्या आसपास घ्यायला हवी. एवढी कुंथतेय कशाला?

मंगळवार, १५ जुलै

पाऊस. उंबऱ्यालगतचं कार्पेट उचललं तर खालचा फोम पिळून पाणी निघेल असा. अर्थचा बोल्ट तिथंच, उंबऱ्याच्या आतल्या अंगाला, आणि त्याच्यावर हिरवट-पांढरा थर.

पाणी कुठून आलं ते शोधल्याशिवाय अर्थ घासून काही उपयोग नाही, पुढच्या आषाढात गाडी परत इथंच. पाण्याचा मग घेऊन सनरूफच्या कडेच्या पन्हळीत ओतला. डाव्या बाजूचं पाणी चाकाजवळून खाली पडलं, उजव्या बाजूचं पन्हळीतच तुंबलं. उजव्या कोपऱ्यातून खाली जाणारी ड्रेनची नळी खानापूर रोडची तांबडी माती आणि गुलमोहराच्या बारीक पानांनी गच्च भरलेली. टिळकवाडीत गाडी झाडाखाली लागते, दुसरं काय होणार.

नळी साफ करायला गवत कापायच्या मशीनची नायलॉनची दोरी वापरली. कॉम्प्रेसरची हवा मारायचा मोह होतो, पण जोरात हवा मारली तर नळी आत सांध्यातून निसटते आणि मग अख्खं छताचं अस्तर उतरवायचं काम लागतं. दोरी सावकाश आत-बाहेर केली. तांबडं पाणी बराच वेळ येत राहिलं, मग स्वच्छ.

अर्थचा बोल्ट काढला, पत्रा चमकेपर्यंत पॉलिश पेपरने घासला, वायरीचं टोक निरोगी तांब्यापर्यंत मागं कापून नवा टिनचा लग (बोल्टखाली बसणारी कडी) क्रिम्प केला, आवळला आणि आवळल्यानंतर वरून पेट्रोलियम जेली. परत त्याच लोडवर मोजलं: ०.०६ व्होल्ट. मोटरचा आवाजच बदलला.

कार्पेट सुकायला दोन दिवस टेबल फॅन लागणार.

सीटखाली सापडलेलं: पॅरासिटामॉलची पट्टी, पेन, दोन रुपयांचं नाणं, कुंद्याच्या डब्याचं झाकण.

बुधवार, १६ जुलै

हॉल सेन्सरचा कपलर, म्हणजे वायरींची जोडणी. सीटखालचे कपलर काढायचे म्हटले की आधी पिवळ्या कपलरचा, म्हणजे एअरबॅगच्या जोडणीचा विचार. या सीटच्या बाजूला साइड एअरबॅग आहे. बॅटरीचा मायनस काढला, दहा मिनिटं थांबलो आणि मगच हात घातला. कपलर निघालेला असताना इग्निशन लावायचं नाही, नाहीतर एअरबॅगचा दिवा लागून बसतो आणि तो स्कॅनरशिवाय जात नाही. पिवळ्या वायरींवर मल्टिमीटर लावायचा नाही, हे पोरग्याकडून तीनदा म्हणवून घेतलं. मीटरमधला इवलासा करंटही तिथं नको असतो.

सेन्सरच्या कपलरमध्ये एका पिनेवर हिरवट डाग. काँटॅक्ट क्लीनर, बारीक ब्रश, पिनेची पकड थोडी घट्ट केली. मग सगळं जोडून, सिग्नलच्या वायरीला मागून प्रोब लावून ऑसिलोस्कोपवर लहर बघितली: स्वच्छ चौकोनी, कुठं ठोका तुटत नाही. सीट पुढं नेली, मागं नेली, हार्नेस (वायरींचा जुडगा) हाताने हलवला. लहर जशीच्या तशी.

मेमरीची बटणं दारात असतात. दाराच्या बिजागरीजवळच्या रबरी नळीतल्या वायरी उघड-मीट होऊन तुटतात, म्हणून तीही उघडून बघितली. शाबूत.

शुक्रवार, १८ जुलै

बॅटरी काढली होती, त्यामुळं आधी मॉड्यूलला टोकं परत शिकवली. प्रत्येक दिशेला सीट शेवटपर्यंत नेऊन तिथं बटण काही सेकंद धरून ठेवायचं: पुढं, मागं, वर, खाली, पाठ सरळ, पाठ आडवी. या गाडीत स्कॅनरमधूनही तीच आज्ञा देता येते, आणि ती दिलेली बरी, पूर्ण झालं की नाही ते पडद्यावर दिसतं. मग एक आणि दोन नंबरला जागा सेट केल्या. सेटचं बटण, लगेच नंबर, टुंग आवाज आला की झालं.

एवढ्यावर गाडी दिली असती तर मॅडम आठवडाभर खूष राहिल्या असत्या. पण त्या १० अँपियरचं आणि त्या कंबरेचं उत्तर अजून मिळालेलं नाही. अर्थ सुधारल्यावरही क्लॅम्प मीटर नऊच्या खाली येईना.

म्हणून आजचा दिवस पट्टीला दिला. सीट दोन रेलवर बसलेली असते, एक दाराकडची, एक मधल्या कन्सोलकडची. दोन्ही रेलवर मास्किंग टेप चिकटवली, सीट एक नंबरला आणून सीटच्या कडेच्या समोर पेन्सिलीने बारीक रेघ मारली. मग एकवरून दोनवर, दोनवरून परत एकवर, आणि प्रत्येक वेळी स्टीलच्या पट्टीने फरक मोजायचा. मधे मधे मोटरला विश्रांती. सीटच्या मोटरी सलग चालण्यासाठी नसतात. तापून आतला कटआउट पडला तर निदानात आणखी एक भूत शिरतं.

रिकामी सीट: दोन्ही रेलवर रेघेला रेघ. केसाचा फरक नाही.

पोरग्याला बसवून: कन्सोलकडची रेल जागेवर. दाराकडची दर फेरीला मिलिमीटरच्या आसपास मागं. कधी थोडं कमी, कधी थोडं जास्त, पण मागंच. पुढं एकदाही नाही.

आता हे मांडून बघू. ठोके हरवत असते तर रिकाम्या सीटलाही हरवले असते, सेन्सरला सीटवर कोण बसलंय याच्याशी काय देणंघेणं. शिवाय पुढं जाताना ठोके हरवले तर मॉड्यूलला वाटतं अजून पोचलो नाही, आणि सीट गरजेपेक्षा पुढं जाते. इथं उलटं होतंय. आणि दोन्ही रेलना चालवणारी मोटर एकच, सेन्सर एकच, मोजणी एकच. एक रेल बरोबर आणि दुसरी मागं, याचा अर्थ मोजणीत खोट नाही. मोटर फिरली, ठोका गेला, पण दाराकडच्या रेलपर्यंत ते फिरणं पोचलंच नाही. मधे काहीतरी घसरतंय.

भरल्या सीटलाच आणि पुढं जातानाच का? या रेल पुढच्या अंगाला किंचित चढत्या आहेत. पुढं जाणं म्हणजे माणसासकट चढ चढणं. मागं येताना उतार, जोर लागत नाही, घसरत नाही.

आणि उतरताना सीट मागं नेणारी ती सोय! मॅडम गाडी बंद करतात तेव्हा एक फेरी, चालू करतात तेव्हा दुसरी. दूध, भाजी, दवाखाना, मुलाची शिकवणी. दिवसभरात कितीदा तरी. मिलिमीटर मिलिमीटर करत शुक्रवारपर्यंत ब्रेक लांब जाणारच.

संध्याकाळपर्यंत दाराकडची बाजू कन्सोलकडच्या बाजूपेक्षा ९ मिलिमीटर मागं पडली, आणि तेवढ्यात पहिल्या दिवसापासून बघायची होती ती तक्रार समोर आली: सीट सेकंदभर सरकली आणि थांबली. परत दाबलं, परत सेकंदभर. तिरकी झालेली सीट रेलमध्ये आवळते, मोटर मंदावते, ठोके विरळ येतात, आणि मॉड्यूलला वाटतं मधे कुणाचा पाय सापडलाय. ते थांबतं. मागच्या सीटवर लहान मूल असेल तर मॉड्यूलने थांबायलाच हवं. ज्याला सगळे दोषी धरत होते ते बिचारं आपलं काम चोख करत होतं.

कंबरही समजली. रोज तास-दीड तास वाकड्या खुर्चीवर बसून कुणाची कंबर एका बाजूला दुखणार नाही?

मॅडमना फोन केला. म्हणाल्या, "म्हणजे मी माझा एक्स-रे काढला तो वाया गेला म्हणा."

सोमवार, २१ जुलै

सीट बाहेर. पुढचे बोल्ट काढायला सीट पूर्ण मागं, मागचे काढायला पूर्ण पुढं, आणि त्यानंतर बॅटरी सोडायची. हा क्रम उलटा झाला तर मधेच अडकून बसतो. मागून पुढं येताना ही सीट पुन्हा आवळली, तेव्हा मोटरला बाहेरून फ्यूज लावलेल्या वायरीने १२ व्होल्ट देऊन शेवटपर्यंत आणली. मग मायनस काढणं, थांबणं, पिवळा कपलर. सीट जड असते. दोघांनी उचलली आणि उंबऱ्यावर गोणपाट टाकून बाहेर काढली, रंगाला ओरखडा नको.

उलटी केल्यावर चित्र स्पष्ट. मधे मोटर, तिच्या दोन बाजूंनी दोन केबली. आत पिळाची पोलादी तार, बाहेर प्लास्टिकचं आवरण, तारेचं टोक चौकोनी, आणि ते रेलच्या छोट्या गिअरबॉक्सच्या चौकोनी भोकात बसतं. कन्सोलकडची केबल ठणठणीत. दाराकडच्या केबलच्या आवरणाची टोकाची धातूची टोपी सैल होऊन बाहेर सरकलेली, त्यामुळं तार गिअरबॉक्समध्ये पुरती शिरतच नव्हती. चौकोन जेमतेम ३ मिलिमीटर आत, आणि तेवढ्याच भागाचे कोपरे झिजून गोल. त्याच्या मागचा चौकोन कोरा करकरीत, कधी कामालाच न लागलेला.

एवढ्याशा टोकासाठी मॉड्यूलचं एस्टिमेट.

सुट्टी केबल मिळते का म्हणून चौकशी केली. मिळत नाही, रेलसकट अख्खा सांगाडा घ्यायचा. आणि कुणी भंगारातून मॉड्यूल आणायचा सल्ला देईल तर त्याच्यासाठी एक ओळ: जुनं मॉड्यूल या गाडीच्या कोडिंगशी जुळवावं लागतं, आणि जुळलं तरी घसरणारी केबल घसरतच राहिली असती.

बुधवार, २३ जुलै

केबल घेऊन उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत. इथल्या लेथवाल्यांना कास्टिंगपासून हायड्रॉलिकपर्यंत काय काय करायची सवय, माझं काम त्यांना खेळण्यासारखं. लेथवाले मामा चष्मा वर करून म्हणाले, "काय मोडून आणलास आज?"

मोडलं नाही, सरकलं आहे म्हटलं. आवरण ६ मिलिमीटरने कमी करायचं, म्हणजे झिजलेलं टोक भोकात खोल जाईल आणि मागचा कोरा चौकोन कामाला येईल. आवरणाच्या कापलेल्या टोकाला नवी पितळी टोपी, आत बारीक खाच, परत सरकायला नको. मामांनी आवरण कापताना आतल्या तारेला ब्लेड लागू नये म्हणून त्यात पत्र्याची पातळ सुरळी घातली. हे मला सुचलं नसतं. टोपी लेथवर काढायला त्यांना चहा गार होण्याइतकाही वेळ लागला नाही.

पैसे घेईनात. गाडी डॉक्टरांची आहे कळल्यावर म्हणाले, "मग मला त्यांना गुडघा दाखवायचा आहे की."

बसवून बघितलं: चौकोन आता ९ मिलिमीटर आत.

शुक्रवार, २५ जुलै

केबल जोडण्याआधी दोन्ही रेल सारख्या करणं हे खरं नाजूक काम. सीट आधीच तिरकी. तशीच केबल जोडली तर ती कायमची तिरकी राहणार. दोन्ही केबली सुट्या ठेवल्या आणि दोन्ही गिअरबॉक्स चौकोनी बिट लावून हाताने फिरवले. रेलच्या पुढच्या टोकापासून सरकत्या भागापर्यंतचं अंतर व्हर्नियरच्या डेप्थच्या दांडीने मोजत मोजत दोन्ही बाजू समान आणल्या. ड्रिल मशीन लावून काम लवकर होतं, पण हातात रेलचा अंदाज येत नाही. हाताने फिरवताना दाराकडच्या स्क्रूमध्ये एका जागी खरखर लागली. जुन्या ग्रीसमध्ये तांबडी माती मुरून त्याचा लगदा झालेला. पुसून काढलं, डिझेलने धुतलं, सुकवलं, लिथियम ग्रीस लावलं.

केबली बसवल्या. सीट गाडीत. बोल्ट टॉर्क रेंचने, सर्व्हिस मॅन्युअलमधल्या आकड्यालाच. सीटबेल्टचं बक्कल याच सांगाड्याला आहे; धडकेत माणसाचा भार या चार बोल्टांवर येतो. इथं अंदाज चालत नाही.

टोकं शिकवली. क्लॅम्प मीटर: पोरग्यासह पुढं जाताना ५.४ अँपियर.

टेप, पेन्सिल, पट्टी. दोन्ही रेलवर रेघेला रेघ.

मंगळवार, २९ जुलै

नागपंचमी. पोरगं बैलहोंगलला गावी गेलंय, भरल्या सीटचं माप एकट्याने घेता येत नाही. कार्पेट परत घातलं, तेवढंच.

शुक्रवार, १ ऑगस्ट

पोरगं आलं, डबाभर शेंगदाण्याचे आणि रव्याचे लाडू घेऊन. खाऊन वजन वाढलं असेल तर चाचणीला चांगलंच.

त्याला बसवून परत तीच परीक्षा, यावेळी उतरताना मागं सरकणाऱ्या सोयीसकट. किल्ली बंद, चालू, बंद, चालू, मधे विश्रांती. रेघ हलली नाही. दार बंद ठेवून मेमरी, दार उघडं ठेवून मेमरी. या गाडीत दार उघडं असताना एका टिचकीत सीट जाते, बंद असताना बटण दाबून धरावं लागतं. हे मालकांना माहीत नसतं आणि तक्रार म्हणून येतं. एअरबॅगचा दिवा विझलेला, कोड एकही नाही.

मॅडम आणि साहेब दोघेही आले. गंमत पुढंच. साहेबांनी गाडी उघडली आणि सीट सरकून स्टिअरिंगला चिकटली. दोघांच्या तोंडावर "परत?" असं. हातातली किल्ली बघितली तर मॅडमची. या गाडीत किल्लीगणिक जागा ठरते. किल्ल्यांची अदलाबदल झाली की सीट निमूटपणे त्या किल्लीच्या मालकासाठी तयार होते. साहेबांच्या किल्लीला लाल दोरा बांधून दिला.

मॅडम बसल्या, पाठ टेकवली, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले आणि म्हणाल्या, "आता सरळ वाटतेय." टेप तशीच ठेवून गाडी दिली. पंधरा दिवसांनी दाखवायला सांगितलंय.

गुरुवार, १४ ऑगस्ट

गाडी आली. टेपची कड थोडी मळली आहे, रेघ जागेवर. दाराकडची शून्य, कन्सोलकडची शून्य. बॅटरी १२.५. उंबऱ्याचं कार्पेट उचलून हात फिरवला, कोरडं.

दोन कामं वहीत पुढं ढकलली: मे महिन्यात, पावसाआधी, सनरूफच्या चारही ड्रेन नळ्यांतून दोरी फिरवणं, आणि बॅटरी महिन्यातून एकदा चार्जरला लावणं, किंवा मॅडमनी एखाद्या रविवारी जांबोटीपर्यंत गाडी पळवून आणणं. दुसरा उपाय त्यांना जास्त आवडला.

पॅसेंजर सीटही वाकून बघितली. केबलच्या टोप्या घट्ट, दोन्ही चौकोन पुरते आत. तिला हात लावला नाही. बिलात मामांच्या टोपीचे पैसे धरलेले नाहीत, गुडघ्याची वेळ सोमवारी अकराची मिळाली आहे.